थर्मोकोलच्या पोटातली वायर

गेल्या वेळी डीबीच्या पेटीपाशी थांबलो होतो, आज एमसीबीची, म्हणजे जादा करंटला आपोआप पडणाऱ्या स्विचची, पाळी होती. पण मध्येच अकोल्याहून एका वाचकाचं पत्र आलं आणि एमसीबी आठवडाभर मागे गेला. गृहस्थ गच्चीवर खोली चढवतायत. पश्चिमेची भिंत चार इंची. तिला आतून ५० मिलिमीटर थर्मोकोल आणि त्यावर जिप्सम बोर्ड. कंत्राटदाराचं म्हणणं, थर्मोकोल कापून त्यातूनच वायर सोडू, भिंत फोडायला नको. चालेल का?

चालणार नाही.

करंट वाहिला की वायर तापतेच. अडीचच्या (चौरस मिलिमीटर) तांब्याच्या वायरीतून १३ अँपिअर गेले, तर जाणारी-येणारी मिळून दर मीटरला अडीच-तीन वॉट उष्णता सुटते. पाच मीटरच्या लाइनीला साधारण एक झिरोचा बल्ब. उघड्या भिंतीवर ती कधी निघून जाते, पत्ताही लागत नाही. थर्मोकोलमधून जाणार कुठे? उष्णता अडवायलाच तर तो लावलाय! ब्रिटिश वायरिंग नियमावली या बाबतीत फार काटेकोर आहे, कारण तिकडे भिंतीत इन्सुलेशन घरोघरी. तिच्या तक्त्यात अडीचची चपटी पीव्हीसी केबल भिंतीवर क्लिपांनी मारली तर २७ अँपिअर चालतात. तीच अर्ध्या मीटरहून जास्त लांबी इन्सुलेशनमध्ये चहूबाजूंनी गाडली, तर साडेतेरा. सरळ निम्मे.

बरं, हे आकडे ३० अंशांचे. अकोल्याच्या मे महिन्यात ३० अंश मिळालेच तर पहाटे. ५० अंशांसाठी नियमावलीचा गुणक ०.७१ आहे, आणि दुपारी चारला पश्चिमेच्या विटा तेवढ्या सहज तापतात. साडेतेरा गुणिले ०.७१ म्हणजे उरले साडेनऊ. दोन टनी एसी पूर्ण जोरात दहाच्या आसपास ओढतो, तोही नेमका त्याच वेळी, तासन्‌तास. साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० अंश. ती ओलांडली म्हणून वायर त्या दिवशी जळत नाही. आवरण वर्षागणिक कडक होतं आणि तडकतं.

‘पण एमसीबी आहे ना’, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! एमसीबी करंट पाहतो. वायर विटेतून गेली की थर्मोकोलमधून, हे त्याच्या गावीही नसतं. सोळाचा एमसीबी १८ अँपिअर तासभर निमूट सोसतो. त्याच्या मानकातच तसं आहे. साडेनऊच्या वायरीवर दहा गेले, तर तो का पडेल?

दुसरी भानगड रसायनाची, आणि ही माझी विशेष आवडती. पीव्हीसी मुळात कडक. वायरीसाठी ती प्लॅस्टिसायझर घालून मऊ केलेली असते. अशी वायर थर्मोकोलला वर्षानुवर्षं टेकून राहिली, की तो तेलकट प्लॅस्टिसायझर थर्मोकोलमध्ये झिरपू लागतो. एका घरात बोर्ड उघडताना मी हे जवळून पाहिलं: थर्मोकोलमध्ये वायरीच्या जाडीची चर पडलेली, चरीच्या कडा वितळल्यासारख्या गुळगुळीत, वायर बोटांना चिकट लागत होती आणि वाकवल्याबरोबर आवरणाला बारीक भेगा गेल्या. कडक पीव्हीसी पाइपात प्लॅस्टिसायझर नसतो, म्हणून पाइप घातला की हा प्रश्न मिटतो. उष्णतेचा मात्र मिटत नाही. पाइपही थर्मोकोलमध्येच गाडलेला.

मग करायचं काय? आपल्याकडे भिंतीची तापलेली बाजू बाहेरची, तेव्हा वायर खोलीच्या बाजूला घ्यायची. आधी थर्मोकोल सलग चिकटवा. त्यावर चॅनेल मारून बोर्डाच्या मागे पंचवीसेक मिलिमीटर पोकळी ठेवा आणि २० मिलिमीटरचा पाइप त्या पोकळीतून न्या. खोली इंचभर लहान होईल, होऊ द्या. चार इंची भिंतीला आडवी झिरी मारण्यापेक्षा हे केव्हाही बरं. एसीला वेगळी लाइन आणि चारची वायर. जिप्समवाला पत्रा-बोर्ड घेऊन दारात येण्याआधी वायरमनचं काम संपलं पाहिजे, आणि बोर्ड बंद करण्यापूर्वी भिंतीला टेप लावून फोटो काढा. पुढे पडद्याचा रॉड ठोकणारा तुम्हाला दुवा देईल.

स्विचबोर्डाचे डबे पंचवीस मिलिमीटरमध्ये मावत नाहीत. तेवढ्यासाठी थर्मोकोल कोरू नका. सैल झालेला सॉकेटचा स्क्रू थर्मोकोलला वितळवायला पुरेसा असतो. खरं म्हणजे डबे पश्चिमेच्या भिंतीवर हवेतच कशाला? आतल्या भिंतीवर घ्या, एसीचा पॉइंटसुद्धा. नकाशावर आत्ता पेन्सिलीने हलतो तो डबा नंतर छिन्नीने हलवावा लागतो.

थर्मोकोलऐवजी रॉकवूल घेतलं तर? ते जळत नाही, प्लॅस्टिसायझरची कटकटही नाही, पण निम्म्याचं गणित तसंच.

एमसीबी पुढच्या आठवड्यात, नक्की. तोवर अकोलेकरांनी एसीच्या स्टिकरवरचा अँपिअरचा आकडा कळवावा. त्यांच्या लाइनीला सोळाचा बसवायचा की विसाचा, ते तिथूनच ठरवू.