एक खडक, दोन रंग

सोलापूरची शेतजमीन काळी, रत्नागिरीची लाल. दोन्हीकडचे खडक वेगळे असतील, असे कोणालाही वाटेल. पण दोन्हीकडे मूळ खडक एकच आहे: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून बनलेला बेसाल्ट. मग मातीत एवढा फरक का?

याचे उत्तर मुख्यतः पावसात आहे. रत्नागिरीला वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. सोलापूरला त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास. साखर आणि वाळू एकत्र करून पाण्याने धुतली, तर साखर निघून जाते, वाळू उरते. उष्ण, पावसाळी प्रदेशात खडकाचे असेच होते, फक्त लाखो वर्षांत. मुरणाऱ्या पाण्याबरोबर सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम वाहून जातात. मागोमाग सिलिकाही कमी होते. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे जवळजवळ विरघळत नाहीत, म्हणून ती मागे राहतात. मातीचा तांबडा रंग या लोहाचा, गंजलेल्या खिळ्यासारखा.

अशा मातीच्या थरांतूनच जांभा बनतो. जमिनीत ओला असताना तो सहज कापता येतो. उघड्यावर वाळला की कठीण होतो. म्हणून त्याचे चिरे घरबांधणीला चालतात. फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात अंगाडिपुरम येथे असा दगड पाहिला आणि वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला 'लॅटराइट' म्हटले. हे वर्णन १८०७ साली प्रसिद्ध झाले.

घराला उपयोगी पडणारा हा गुण शेतीला मात्र मारक ठरतो. या मातीतली पोषकद्रव्ये आधीच धुऊन गेलेली असतात. फॉस्फरस असला, तरी लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात. पिकाला तो सहजी मिळत नाही. सुपीकता असते ती पालापाचोळा कुजून बनलेल्या वरच्या पातळ थरात. झाडे तोडली, की पाऊस हा थर नेतो. खालचा थर उन्हात उघडा पडून घट्ट होतो आणि पुन्हा सहजासहजी मऊ होत नाही. कोकणात कातळावर आंबा लावायचा, तर खड्डा फोडून त्यात माती आणून भरावी लागते. वरच्या थराचे मोल यावरून कळावे.

वर्गात करून पाहा: दोन बशांत काळी आणि लाल माती कालवून उन्हात ठेवा. कोणत्या बशीत जास्त भेगा पडतात? फुगणारी चिकणमाती कोणत्या मातीत जास्त आहे, हे विद्यार्थी स्वतःच सांगतील.