नवा सिम्युलेटर घ्यायचा, की जुन्यावरच उडायचं?

घरच्या संगणकावर विमान उडवणाऱ्यांपुढे नोव्हेंबर २०२४पासून एक प्रश्न आहे. मायक्रोसॉफ्टचा २०२०चा फ्लाइट सिम्युलेटर नीट चालतोय, वेगळे पैसे मोजून घेतलेली दोन-चार उत्तम विमानंही त्यात आहेत. मग २०२४चा घ्यायचा का? बहुतेक जण दोन्हींचे व्हिडिओ शेजारी-शेजारी लावून ढग, गवत आणि धावपट्टीवरचा उजेड पाहतात. माझ्या मते निर्णय तिथे होत नाही. सिममधली पृथ्वी कुठे साठवलेली आहे, हे आधी बघायला हवं.

२०२०मध्येही उपग्रहचित्रं उडता उडता इंटरनेटवरून येतात. पण विमानं, विमानतळ आणि बाकीची मूळ सामग्री आपल्या डिस्कवर असते. तिने दीडशे जीबीच्या आसपास जागा खाल्ली. जोडणी तुटली तर खालची जमीन साधी दिसते, उड्डाण मात्र सुरू राहतं. २०२४मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या असोबो स्टुडिओने हा हिशेबच बदलला. डिस्कवर थोडंच उतरतं. विमानांसकट बरंच काही सर्व्हरवरून लागेल तसं येतं. त्यामुळे सुचवलेली जागा ५० जीबीवर आली. इंटरनेटचा वेग मात्र किमान १० आणि शक्यतो ५० एमबीपीएस हवा. १९ नोव्हेंबरला, पहिल्याच दिवशी, सर्व्हरवर एवढी गर्दी झाली की अनेकांना पैसे भरूनही विमानात बसता आलं नाही. ती गर्दी ओसरली, पण आपलं उड्डाण आता दुसऱ्याच्या यंत्रांवर अवलंबून आहे ही गोष्ट कायम राहिली. घरी पक्की फायबर जोडणी असेल तर या अवलंबित्वाची फारशी फिकीर नको. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवणाऱ्याने मात्र मोह आवरावा.

रॅमची गरजही वाढली. २०२०साठी १६ जीबीची शिफारस होती, २०२४साठी ३२ जीबीची आहे. सिमच्या किमतीत हाही खर्च धरायला हवा.

दुसरा मुद्दा अ‍ॅडऑनचा, म्हणजे सिममध्ये वेगळ्या घेऊन जोडलेल्या विमानांसारख्या गोष्टींचा, आणि जुने सिमर इथेच अडतात. २००६चा फ्लाइट सिम्युलेटर एक्स ३२ बिटांचा होता; त्याला जेमतेम ४ जीबी मेमरी वापरता यायची. तासन्तास उडून मोठ्या विमानतळावर उतरायच्या वेळी मेमरी संपायची आणि सिम बंद पडायचा. तो बनवणारा स्टुडिओ मायक्रोसॉफ्टने २००९मध्ये बंद केला, तरी लोक त्यानंतर वर्षानुवर्षं त्याच्यावरच उडत राहिले. त्यांची आवडती विमानं तिथे होती आणि एकेका विमानाची प्रत्येक कळ पाठ व्हायला महिने गेले होते. मला हा हट्ट मुळीच वेडगळ वाटत नाही. २०२०ची बरीच अ‍ॅडऑन २०२४मध्ये चालतात. पण ७३७ किंवा ए३२०सारख्या गुंतागुंतीच्या विमानांबाबत ‘चालतात’ एवढ्यावर विसंबू नये. आपल्या विमानाची २०२४साठी खास बांधलेली आवृत्ती आली आहे का, आणि तिचे वेगळे पैसे पडतात का, हे बनवणाऱ्याकडून आधी कळायला हवं.

नव्यात मनापासून आवडावी अशी गोष्ट म्हणजे करिअर मोड. छोट्या विमानापासून सुरुवात करायची, एकेक परवाना मिळवायचा, मग रुग्ण हलवायचे, वणवे विझवायचे, शेतांवर फवारणी करायची. २०२०मध्ये ‘आज कुठे जाऊ?’ म्हणत नकाशासमोर बसून राहणाऱ्यांना याने खरंच दिशा मिळते. मुंबई-दिल्ली मार्गावर चेकलिस्ट हातात घेऊन, व्हॅटसिम या सिमरांच्या ऑनलाइन जाळ्यावरच्या कंट्रोलरशी बोलत उडणाऱ्याला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. बारामती-गोंदियाला वैमानिक होण्याचं शिक्षण घेणाऱ्या मुलांनीही घाई करू नये. घरच्या सिमवरचे तास परवान्यासाठी धरले जात नाहीत, आणि उपकरणांवरच्या उड्डाणाची पद्धत अंगवळणी पाडायला २०२० पुरेसा आहे. ज्यांना सगळं आपल्याच डिस्कवर हवं, त्यांनी एक्स-प्लेन १२ हा दुसरा सिम्युलेटर जरूर पाहावा. तो पंखाचे तुकडे कल्पून प्रत्येकावरचं बल मोजतो. दृश्यं थोडी फिकी वाटली तरी विमान हाताला जिवंत लागतं.

२०२० आणि २०२४ एकाच संगणकावर सुखाने नांदतात, म्हणून जुना काढून टाकू नका. पीसी गेम पासची महिन्याची वर्गणी भरून २०२४ आधी वापरून बघता येतो. तो बघावा रात्री नऊच्या सुमारास, घरातले बाकीचे इंटरनेटवर असताना, आणि न्यूयॉर्कसारख्या दाट शहरावर. स्टीमवर घेणार असाल तर परताव्याची मुदत खरेदीपासून १४ दिवस आणि एकूण दोन तासांचा वापर एवढीच आहे. सिम उघडून लोडिंगची वाट पाहण्यात गेलेला वेळही त्या दोन तासांतच मोजला जातो.