मिठाच्या तलावातला क्लोरीन

खाऱ्या पाण्याचा तरणतलाव म्हणजे क्लोरीन नसलेला तलाव, असा एक समज आहे. तो मोहक आहे, पण खरा नाही. अशा तलावात क्लोरीन असतोच. फक्त तो डब्यातून आणून टाकलेला नसतो, तिथल्या तिथे, नळीत, मिठापासून तयार होत असतो. हा फरक नीट कळला नाही, तर 'रसायनमुक्त' पाण्याच्या भरवशावर देखभालच थांबते आणि धोका पोहणाऱ्यांच्या वाट्याला येतो.

यामागचे शास्त्र जुने आहे. शीले याने १७७४ मध्ये हा हिरवट वायू प्रथम वेगळा केला. डेव्हीने १८१० मध्ये ते मूलद्रव्य असल्याचे सांगून त्याला क्लोरीन हे नाव दिले. दरम्यान १८०० मध्ये व्होल्टाची विद्युतघटमाला आली आणि मिठाच्या द्रावणातून वीज सोडली की क्लोरीन मिळतो, हे लवकरच लक्षात आले. तलावाचे यंत्र नेमके हेच करते. तलावात लिटरमागे तीन ते साडेतीन ग्रॅम मीठ विरघळवतात. समुद्रात ते सुमारे ३५ ग्रॅम असते, म्हणजे हे पाणी समुद्राच्या दहाव्या हिश्शाइतके खारट. गाळणीतून आलेले पाणी एका पेटीतून जाते. तिथे रुथेनियम, इरिडियम अशा धातूंच्या ऑक्साइडचा मुलामा दिलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्या असतात. धनाग्राशी क्लोरीन तयार होऊन पाण्यात विरघळतो आणि त्याचे हायपोक्लोरस आम्ल बनते. ऋणाग्राशी हायड्रोजन सुटतो. जंतू मारून किंवा उन्हात विघटित होऊन क्लोरीन पुन्हा क्लोराइड होतो. म्हणूनच मीठ खर्ची पडत नाही. ते कमी होते ते अंगाबरोबर बाहेर गेलेल्या, गाळणी धुताना फेकलेल्या आणि पावसाळ्यात काठावरून वाहून गेलेल्या पाण्याने. कोकणात उघड्या तलावाचे मीठ आषाढ-श्रावणात पुन्हा पुन्हा तपासावे लागते ते याचमुळे.

क्षमतेचा हिशोब सोपा आहे. ५०,००० लिटरच्या तलावात क्लोरीन लिटरमागे एक मिलिग्रॅमने वाढवायला ५० ग्रॅम लागतो. उन्हाने व वापराने रोज दोन मिलिग्रॅम जात असतील, तर तासाला १५ ग्रॅम देणारे यंत्र सुमारे सात तास चालवावे लागेल.

मात्र यंत्र क्लोरीन बनवते, मोजत नाही. पडद्यावरचा आकडा ते किती जोमाने चालू आहे एवढेच सांगतो. पाण्यात प्रत्यक्ष किती क्लोरीन आहे, हे चाचणी संचानेच कळते. त्याच वेळी सामूही पाहावा, कारण हायड्रोजनचे बुडबुडे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढतात आणि सामू हळूहळू चढतो. सामू ७.५ असताना साधारण निम्मा क्लोरीन जंतुनाशक हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो. ८ वर तो पाव हिश्शावर येतो. म्हणजे चाचणीत क्लोरीन भरपूर दिसूनही तलाव दुबळा असू शकतो. उपाय म्हणून पंप चालू ठेवून हायड्रोक्लोरिक आम्ल थोडे थोडे घालतात. ते ब्लीचिंग पावडरजवळ कधीही नेऊ नये. दोन्ही एकत्र आली की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

दुसरा शत्रू म्हणजे क्षारांचा पांढरा थर. ऋणाग्राजवळचे पाणी अत्यंत अल्कधर्मी असल्याने कॅल्शियम कार्बोनेट तिथेच बसते. बोअरवेलचे जड पाणी किंवा मिठागरातले कच्चे, कॅल्शियम-मॅग्नेशियमयुक्त मीठ वापरले, तर थर लवकर येतो. म्हणून शुद्ध, आयोडीनविरहित मीठ घ्यावे. अनेक यंत्रे ठरावीक काळाने धन-ऋण टोकांची अदलाबदल करून थर झाडतात. तरी उरला, तर वीज बंद करून पेटी काढावी आणि चार भाग पाण्यात एक भाग आम्ल ओतून केलेल्या द्रावणात थोडा वेळ ठेवावी. आम्लात पाणी ओतू नये. पट्ट्या धातूने खरवडू नयेत आणि उगाच वारंवार आम्लातही बुडवू नयेत. मुलामा गेला की पेटी संपली.

शेवटचा नियम सुरक्षिततेचा: वाहते पाणी नसताना यंत्र चालू राहता कामा नये. साचलेल्या पाण्यावर हायड्रोजन जमला तर स्फोट होऊ शकतो. प्रवाह थांबताच वीज तोडणारा स्विच त्यासाठीच असतो; तो 'सारखा बंद पडतो' म्हणून वगळणे म्हणजे पहारेकऱ्यालाच घरी पाठवणे. देखभाल करणाऱ्याला मीठ, सामू, क्लोरीन आणि प्रवाह या चार गोष्टींची नोंदवही ठेवायला सांगावी. तलाव सुरक्षित आहे की नाही, हे जाहिरातीपेक्षा त्या वहीतून अधिक खात्रीने कळते.