काट्याला न कळणारं पाणी

डायलिसिसवरच्या एखाद्या मुलाचं वजन दहा किलो आहे असं धरू. महिन्याने काटा पुन्हा दहाच दाखवतो आणि आईला हायसं वाटतं. पण भूक मेलेल्या मुलाचं अर्धा किलो मांस झडून त्या जागी अर्धा लिटर पाणी साठलेलं असू शकतं. काट्याला दोन्ही सारखंच. उलट, नीट जेवणाऱ्या मुलाचं वाढीचं वजन पाणी समजून काढायला गेलं, तर रक्तदाब कोसळतो, पायांत गोळे येतात. म्हणून मुलांचं ‘ड्राय वेट’, म्हणजे जादा पाणी नसतानाचं वजन, पुन्हा पुन्हा ठरवावं लागतं.

इथे छातीची सोनोग्राफी कामाला येते. फुप्फुसात हवा असते, हवेतून सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी पुढे जात नाहीत. त्यामुळे फुप्फुस या मशीनच्या कामाचं नाही, असंच बरीच वर्षं मानलं गेलं. फ्रान्समधले अतिदक्षता विभागाचे डॉक्टर दानिएल लिश्टेनस्टाइन यांनी १९९७ साली दाखवलं, की फुप्फुसाच्या जाळीत पाणी झिरपलं की पडद्यावर आवरणापासून खालपर्यंत उभ्या पांढऱ्या रेषा उतरतात आणि श्वासाबरोबर हलतात. या ‘बी-रेषा’. कोरड्या फुप्फुसात त्या जवळजवळ नसतात. डायलिसिसने पाणी निघालं की त्या विरतात. किरणोत्सर्ग नाही, सुई नाही. मूल आईच्या मांडीवर बसलेलं असतानाही छातीवर प्रोब फिरवता येतो. अंगावर सूज दिसण्याआधीच रेषा दिसू शकतात, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं.

ही तपासणी जिथे उपयोगी पडेल अशा बुलढाणा जिल्ह्यात मूत्रपिंडाचा आजार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या, खाऱ्या भूजलाच्या खारपाण पट्ट्यात, संग्रामपूर-जळगाव जामोदकडे, घराघरांत त्याची चर्चा असते. मुलांची मूत्रपिंडं निकामी होण्याची कारणं मात्र बहुधा वेगळी असतात. मूत्रमार्गाचे जन्मजात दोष हे त्यांतलं मोठं कारण. पण खाऱ्या पाण्यातलं मीठ तहान वाढवतं आणि मोजून पाणी प्यायचं बंधन असलेल्या मुलाला ती तहान फार छळते.

याच जिल्ह्यात सोनोग्राफीचा दुसरा इतिहासही आहे. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात इथे हजार मुलग्यांमागे ८५५ मुली होत्या. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याखाली सोनोग्राफी केंद्रांची नोंदणी सक्तीची झाली, २०१२ च्या नियमांनी पोर्टेबल मशीनच्या वापरावरही मर्यादा घातल्या. ही बंधनं हवीतच. पण नोंदणीकृत रुग्णालयात दाखल रुग्णाच्या खाटेपाशी मशीन नेण्याची मुभा त्या नियमांत आहे.

या तपासणीचा गवगवा मात्र नको. न्यूमोनियातही बी-रेषा दिसतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, प्रौढ रुग्णांवरच्या ‘लस्ट’ चाचणीत या पद्धतीने फुप्फुसातलं पाणी कमी झालं, पण मृत्यू आणि हृदयविकार ठळकपणे घटले नाहीत. म्हणून रेषांच्या जोडीला रक्तदाब, यकृताजवळची महाशीर आणि मुलाचं खाणंपिणंही पाहावं लागतं. मुलांचे मूत्रपिंडतज्ज्ञ मुख्यतः मोठ्या शहरांतच भेटतात. शहराच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात तालुक्याच्या डॉक्टरने रेषा मोजून तिकडे कळवल्या, तर पाणी किती काढायचं हे फोनवरही ठरवता येईल. गरोदर बाईला तपासणारा प्रोबच त्यासाठी चालतो. शिकवावं लागेल ते रेषा ओळखायला.