लोणारचा गुलाबी रंग आणि जिवाणूंची प्रकाशखूण

जिवाणू ओळखायचा तर तो आधी वाढवावा लागतो. पेट्री डिशमधल्या आगरवर वसाहत दिसायला बहुधा एक रात्र जाते, पुढच्या चाचण्यांना आणखी वेळ लागतो. रामन पद्धतीत वसाहतीतल्या पेशींवर लेसरचा झोत टाकतात आणि काही मिनिटांत वर्णपट मिळतो. विखुरलेला बहुतेक प्रकाश मूळ रंगाचाच असतो. फार थोडा प्रकाश, साधारण कोटीत एखादा कण, रेणूंच्या कंपनांशी ऊर्जेची देवघेव करून वेगळ्या रंगाने बाहेर पडतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 28 फेब्रुवारी 1928 रोजी कोलकात्यात नोंदवला तो हाच परिणाम. वर्णपटात प्रत्येक रेणूची शिखरे ठरलेल्या जागी येतात. प्रथिनांमधल्या फिनाइलॲलनिनचे 1003 प्रति सेंटिमीटरजवळ.

खरी अडचण पुढे आहे. वर्णपट सबंध पेशीचा असतो आणि पेशी परिस्थितीनुसार बदलते. थंडीत वाढलेले जिवाणू पटल लवचीक ठेवण्यासाठी असंतृप्त मेदाम्ले वाढवतात. कार्बन मुबलक पण नत्र कमी पडला, तर काही जाती पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेटचे कण साठवतात आणि 1730 च्या आसपास नवे शिखर उगवते. अशा वेळी एकच जात दोन वेगळ्या जातींसारखी दिसू शकते.

परिस्थिती बदलली की सूक्ष्मजीवांचा प्रकाशाशी व्यवहार कसा बदलतो, हे छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या लोणार सरोवरात नुसत्या डोळ्यांनी दिसले. बेसॉल्टमधल्या या उल्काविवरातले पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. त्याचा सामू दहाच्या आसपास असतो. जून 2020 मध्ये पाणी आटून खारटपणा वाढला आणि सरोवर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रेमी आर्किया असल्याचे दाखवले. आर्किया म्हणजे जिवाणू नव्हेत, पण प्रकाशाचा नियम दोघांना सारखाच लागू. अशा आर्कियांमधल्या बॅक्टेरिओरुबेरिन या लाल कॅरोटिनॉइडची शिखरे हिरव्या लेसरखाली 1000, 1150 आणि 1505 च्या जवळ इतकी उंच येतात की बाकीची पेशी झाकोळते. पहिले शिखर तर फिनाइलॲलनिनच्या जागेलाच खेटते.

म्हणून नुसत्या वर्णपटावरून नाव ठरवणे घाईचे ठरते. संदर्भसंग्रहात एकाच जातीचे वेगवेगळ्या माध्यमांतले, तापमानांतले आणि वयांतले वर्णपट हवेत, आणि नमुन्याबरोबर ती माहितीही. तरच संगणकाला जातीची खूण आणि अन्नाची खूण वेगळी काढता येते. लोणारच्या नमुन्यांसाठी त्यात अल्कधर्मी, खारट माध्यमातले वर्णपटही लागतील, कारण तिथले बरेच सूक्ष्मजीव रुग्णालयातल्या साध्या आगरवर वाढतच नाहीत.