रंगाआधी लाकूड

अब्बांच्या इंतकालनंतर त्यांची पंधरा फुटी शिडाची होडी तीन पावसाळे खाडीकाठी माडाखाली उघडीच पडून होती. अम्मी म्हणत, "विकून टाका, निदान जळणाचा भाव येईल." धाकट्या भावाने मात्र ती पुन्हा पाण्यात न्यायचे मनावर घेतले. घरात दोन गोष्टी ठरल्या: खर्च पंधरा हजारांच्या आत, आणि व्याजाचा एक रुपयाही नाही.

भाऊ हौसेने आधी निळ्या रंगाचे चार लिटरचे डबे घेऊन आला. चाचांची सारी उमर या खाडीत गेलेली. त्यांनी डबे बाजूला ठेवायला लावले आणि हातोडीने एकेक फळी वाजवून पाहिली. चांगले लाकूड खणखणीत वाजते, कुजलेले बद्द. मागच्या बाजूच्या दोन फळ्या बद्द वाजल्या. स्क्रूड्रायव्हर टोचला तर सहज आत गेला.

"यावर रंग मारलास तर दिसायला झकास दिसेल. पण खाडीच्या मधोमध तुझ्यासोबत बसणार कोण?" चाचा म्हणाले.

होडी खाऱ्या पाण्याने कुजते, असा आपला समज असतो. खरे तर ती कुजते साचलेल्या पावसाच्या पाण्याने. लाकूड कुजवणारी बुरशी गोड्या ओलीवर वाढते. खाऱ्या पाण्यात तिचे फारसे चालत नाही. म्हणून होडी पालथी ठेवावी, आणि ताडपत्री घातली तरी दोन्ही टोकांनी वारा खेळू द्यावा.

मग पैसा आधी लाकडावर गेला. जुन्या घराच्या माळ्यावर सागाच्या फळ्या होत्या, त्या कामी आल्या. सुताराची मजुरी तेवढी द्यावी लागली. खिळे तांब्याचे घेतले. ते महाग पडतात, पण साधे लोखंड गंजून लाकूडही खराब करते. शिडाचे कापड शाबूत होते, शिवण मात्र उन्हाने गेली होती. "विकून टाका" म्हणणाऱ्या अम्मींनीच पॉलिस्टरचा दोरा आणि जाड सुई लावून ते शिवून दिले.

रंगाची पाळी आली ती ऑक्टोबरच्या उन्हात, लाकूड पुरते सुकल्यावर. रंग किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. लांबी आणि रुंदी मिळवा, दुप्पट करा, आणि पाण्यावर राहणाऱ्या बाजूच्या उंचीने गुणा. आमची होडी साडेचार मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि पाण्यावर साठ सेंटिमीटर. म्हणजे सुमारे सव्वासात चौरस मीटर. एक लिटर इनॅमल साधारण दहा चौरस मीटर पुरते. दोन हातांना दीड लिटर पुरे! दोन लिटर दुकानात परत गेले. त्या पैशांत प्रायमर आला, आणि पाण्याखालच्या भागासाठी तांबेयुक्त रंगही. लाकूड पोखरणारा शिंपल्याच्या कुळातला जीव आणि शेवाळ त्याने दूर राहतात.

एक खबरदारी मात्र घ्याच. घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा आली ती नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते. जुना रंग कोरडा घासू नका. पाणी लावून, तोंडाला मास्क बांधून घासा. निघालेला चिखल गोळा करा, आणि मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.

होडी पाण्यात सोडली त्या दिवशी तासाभरात तळाशी पाणी आले. भावाचा चेहरा उतरला. चाचा हसले, "थांब बेटा, फळ्या तहानलेल्या आहेत." दोन दिवस ती काठालाच बांधून ठेवली. भाऊ पाणी उपसत राहिला. फळ्या फुगल्या, सांधे मिटले, गळती थांबली. सुक्या होडीच्या सांध्यांत कडक लांबी ठासून भरू नये ती यासाठीच. फळ्यांना फुगायला जागा उरत नाही.

हिशेब पंधरा हजारांच्या आत बसला, आणि त्यात रंगाचा वाटा सर्वांत कमी होता. तिसऱ्या दिवशी भावाने शीड चढवले तेव्हा अम्मी काठावर उभ्या होत्या. "बिस्मिल्लाह म्हण," त्या एवढेच बोलल्या, आणि होडी वळणाआड जाईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.