छोट्या गाडीसाठी गार हवा

एक लिटर पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे ११ किलो हवा लागते. हुबळीच्या उंचीवर, तीस अंश तापमानाला, ही हवा दहा हजार लिटरच्या घरात जाते. म्हणजे हुबळीहून धारवाडला जाऊन परत यायचं म्हटलं तर चाळीसेक किलोमीटरमध्ये आठशे सीसीची लहान गाडी दोन-सव्वादोन लिटर पेट्रोल आणि वीस हजार लिटरहून जास्त हवा संपवते. पेट्रोलचा हिशेब प्रत्येक जण ठेवतो. हवा कुठून आली, किती तापलेली होती, तिच्यात धूळ किती होती, याची चौकशी सहसा कुणी करत नाही.

माझी गाडी जुनी अल्टो. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, नवी असताना साधारण ४७ अश्वशक्तीची. सेकंडहँड घेतलेली. उन्हाळ्यात एसी लावून चार माणसं बसली की तिची दमछाक होते. धारवाड हुबळीपेक्षा उंचावर असल्यामुळे जाताना एकंदर चढच लागतो, आणि तिथे तिसऱ्या गिअरशिवाय चालत नाही. गोकुळ रोडच्या औद्योगिक वसाहतीमागच्या एका गल्लीत आमचे ओळखीचे मिस्त्री आहेत. मूळचे खानापूरकडचे, पण हयात हुबळीत गेलेली. ग्राहकाशी मराठीत आणि हाताखालच्या पोराशी कानडीत, एकाच दमात बोलतात. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिनावरच्या काळ्या डब्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “सर, पेट्रोल भरताना मीटरवरची नजर हटत नाही तुमची. हवा मात्र कुठली बी चालते व्हय?”

तो डबा एअर फिल्टरचा. त्याला पुढे एक नळी असते आणि तिचं तोंड इंजिनाच्या उष्णतेपासून लांब, बाहेरच्या हवेजवळ ठेवलेलं असतं. माझ्या गाडीला ती नळीच नव्हती. कधीतरी कुठल्या तरी दुरुस्तीत निघाली असेल आणि परत बसली नसेल. जुन्या लहान गाड्यांत हे सर्रास दिसतं. नळी नसली तरी गाडी चालू होते, पळते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मात्र त्यानंतर इंजिन बॉनेटखाली कोंडलेली हवा ओढू लागतं. रेडिएटरमधून मागे फेकली जाणारी आणि एक्झॉस्टच्या तापलेल्या लोखंडावरून आलेली हीच ती हवा.

बाजारात ‘कोल्ड एअर इनटेक’ नावाने तयार संच मिळतात. चकचकीत अॅल्युमिनियमचा पाइप, टोकाला शंकूच्या आकाराचा लाल फिल्टर, किंमत अनेक हजार. मिस्त्रींना तो प्रकार पसंत नाही, आणि त्यामागे कारण आहे. बंद डबा काढून उघडा शंकू बॉनेटखाली बसवला की इंजिन पूर्वीपेक्षा गरम हवा ओढतं. आवाज वाढतो, त्यामुळे चालवणाऱ्याला ताकद वाढल्यासारखी वाटते. म्हणून आम्ही ठरवलं की कंपनीचा डबा आणि कागदी फिल्टर जसाच्या तसा ठेवायचा आणि फक्त हरवलेली वाट पुन्हा बांधायची. तीही प्लंबरच्या सामानातून.

आधी मोजमाप. फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांकडे असतो तसा लांब तारेचा डिजिटल थर्मामीटर आणला. तारेचं टोक डब्याच्या तोंडाशी चिकटपट्टीने बसवलं आणि आकडा दिसणारा भाग गाडीत घेतला. दुपारी बाहेर पस्तीस अंश होते. राणी चन्नम्मा सर्कलच्या गर्दीत गाडी रखडली तसा आकडा चढत गेला आणि साठीच्या पुढे जाऊन थांबला. वाहता रस्ता मिळाल्यावर तो उतरला, पण बाहेरच्या हवेपर्यंत काही आला नाही.

हवा तापली की विरळ होते. पस्तीस अंशांची हवा बासष्ट अंशांवर गेली तर तेवढ्याच जागेत ती सुमारे आठ टक्के कमी मावते. त्यात हुबळी समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास, त्यामुळे इथला हवेचा दाब मुळातच किनाऱ्यापेक्षा सातेक टक्क्यांनी कमी. यल्लापूरवरून अरबैल घाट उतरून अंकोल्याला पोहोचलं की दाट हवेमुळे इंजिनाच्या अंगात थोडा जोर येतो. उंचीचं आपण काही करू शकत नाही, तापमानाचं करू शकतो. अर्थात हवा आठ टक्के वाढली म्हणून ताकद आठ टक्के वाढत नाही. गार हवासुद्धा मॅनिफोल्डमधून आत जाताना तापते, म्हणून पदरात साधारण निम्मंच पडतं. सत्तेचाळीस अश्वशक्तीच्या इंजिनात ही दोनेक अश्वशक्ती झाली. तीही अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतानाच.

आता नळीचं तोंड कुठे ठेवायचं? सगळी कारागिरी या एका निर्णयात आहे. ग्रिलच्या मागे समोर तोंड केलं तर हवा भरपूर मिळते, पण जुलैमधला पाऊसही थेट आत येतो. बंपरच्या खाली हवा सर्वांत गार असते, पण तिथे तुंबलेल्या पाण्याचा धोका. पिस्टन हवा दाबू शकतो, पाणी दाबू शकत नाही. घोटभर पाणी सिलिंडरमध्ये गेलं तरी कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. मडगार्डच्या पोकळीत चाकाने उडवलेला चिखल येतो. मिस्त्रींनी हेडलाइटच्या मागची वरची जागा निवडली. बॉनेट बंद झाल्यावर रेडिएटरच्या चौकटीची कड त्या जागेला इंजिनाकडच्या गरम हवेपासून तोडते, पुढून फटींतून गार हवा येते आणि उंची हेडलाइटएवढी राहते. तोंड समोर न ठेवता खाली आणि किंचित बाजूला वळवायचं ठरलं. हवा वळण घेऊन येते, पाण्याचे जड थेंब वळत नाहीत.

पाइप ६३ मिलिमीटरचा साधा पीव्हीसी, शेतात वापरतात तो. हुबळी शेतीमालाची मोठी पेठ असल्यामुळे असे पाइप हव्या त्या मापात आणि तुकड्यानेही मिळतात. मापाचं गणित सोपं आहे. हे इंजिन मिनिटाला पाच हजार फेऱ्यांवर साधारण सोळाशे लिटर हवा ओढतं. ६३ च्या पाइपातून ती सेकंदाला दहाएक मीटर वेगाने जाते. चाळीसचा पाइप घेतला तर वेग अडीचपट होतो आणि अडथळा त्याच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सहापटीपुढे जातो. स्वस्त आणि बसवायला सोपा म्हणून बारीक पाइप घेणाऱ्याचा सगळा फायदा इथेच बुडतो.

पाइप सरळ कापायलासुद्धा हात लागतो. मिस्त्रींनी वर्तमानपत्राचा कागद पाइपाभोवती कडेला कड जुळवून गुंडाळला आणि त्या कडेने पेन्सिल फिरवली. मग हॅक्सॉने एकाच जागी कापत न राहता, पाइप थोडा थोडा फिरवत, चहूबाजूंनी खाच पाडत तुकडा वेगळा केला. आतल्या कडेला लोंबणारे प्लास्टिकचे धागे कानशीने आणि पॉलिश पेपरने साफ केले. ते तसेच राहिले असते तर पहिल्याच दिवशी फिल्टरवर जाऊन बसले असते.

वळणाचं काम पाहण्यासारखं होतं. तयार एल्बो काटकोनी असतो आणि तो इथे बसत नव्हता. पोराने पाइपाचं एक तोंड बंद करून आत कोरडी वाळू ठोकून भरली. मग हीट गनने पाइप सगळीकडून फिरवत तापवला. दार उघडं, पंखा बाहेरच्या दिशेला, कारण जळक्या पीव्हीसीचा धूर छातीला वाईट. पाइप आधी नुसता चमकला, मग मऊ पडून लवू लागला. मिस्त्रींनी दोन्ही हातांनी तो सावकाश वाकवला. आत वाळू असल्यामुळे पाइप चेपला नाही, गोल राहिला. ओलं फडकं गुंडाळल्याबरोबर वळण घट्ट झालं. “आयितु,” म्हणजे ‘झालं’, असं पोरगा म्हणाला, आणि त्याने वाळू घमेल्यात ओतली. नंतर मात्र पाइप पाण्याने धुऊन, काठीला कापड बांधून आतून पुन्हा पुन्हा पुसला. वाळूचा एक कणही इंजिनाचा शत्रू.

पुढचं टोक पुन्हा तापवून त्यात काचेची बाटली दाबली, तसं ते भोंग्यासारखं बाहेर फाकलं. प्लंबर सॉकेट काढायला हीच युक्ती वापरतात. इथे तिचा उपयोग वेगळा. धारदार कडेवरून आत शिरताना हवा फाटते आणि पाइपाच्या आत भोवरे होतात. गोलसर कडेवरून ती चिकटून, शांतपणे आत जाते. कारखान्यात बनणाऱ्या इनटेकलाही तोंड असंच फाकवलेलं असतं.

डबा आणि पाइप यांच्या मधला सांधा रबराचा. मिस्त्रींनी जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा कापला आणि दोन्ही बाजूंना स्टीलच्या क्लिपा आवळल्या. इंजिन त्याच्या रबरी माउंटिंगवर सतत हलत असतं, बॉडी तेवढी हलत नाही. दोन्हींना कडक पाइपाने जखडलं की काही महिन्यांत डब्याला तडा जातो. पीव्हीसी सुमारे ऐंशी अंशांना मऊ पडतं, म्हणून एक्झॉस्टपासून किमान वीतभर अंतर राखलं आणि पाइपावर चांदीच्या कागदाचा फोम गुंडाळला. पत्र्याच्या छताखाली लावतात तो. सर्वांत खालच्या वळणावर एक लहान भोक पाडलं, चुकून थेंब आलेच तर गळून जायला. तोंडाला उंदीर आणि पालापाचोळा रोखणारी जाळी बसवली. जाळी मुद्दाम मोठ्या छिद्रांची, कारण बारीक जाळी धुळीने बुजते आणि पाइपाचा गळा आवळते.

मिस्त्रींनी एक नियम मात्र काटेकोर पाळला. फिल्टरच्या अलीकडे, म्हणजे बाहेरच्या बाजूला, हवं ते करा. फिल्टरच्या पलीकडे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, काहीही उघडू नका. त्या बाजूला हवेचं तापमान आणि दाब मोजणारे सेन्सर असतात, इंजिनाच्या श्वासाची नळी जोडलेली असते, आणि तिथल्या एका सैल सांध्यातून शिरलेली धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. हुबळीच्या पूर्वेला नवलगुंद, अण्णिगेरीकडच्या काळ्या रानात उन्हाळ्यात गाडी घालून पाहा, बॉनेटखाली पिठासारखा थर बसतो. त्या भागातला शेतकरी हे जाणतो. जुन्या ट्रॅक्टरची हवा आधी उंचावरच्या गाळणीतून आणि मग तेलाच्या भांड्यातून जाते, आणि त्या तेलात साठलेला गाळ काढणं हे त्याच्या नित्याच्या कामातलं. धुळीतली वाळू पोलादाला घासते, रिंगा झिजतात, इंजिन तेल पिऊ लागतं. गार हवेने मिळणारी दोन अश्वशक्ती असल्या झिजेपुढे काहीच नाही.

सगळा खर्च हजार रुपयांच्या आत बसला. त्यात नवा फिल्टर धरलेला, आणि तो बदलणं सर्वांत महत्त्वाचं होतं. जुन्याच्या घड्या मातीने भरून गेल्या होत्या. मग तोच थर्मामीटर, तीच दुपारची वेळ, तोच रस्ता. उणकल, नवनगर, रायापूर करत धारवाड. वाहत्या रस्त्यावर तोंडाशी येणारी हवा बाहेरच्यापेक्षा जेमतेम तीन-चार अंशांनी गरम. सिग्नलला थांबल्यावर आकडा चढतोच, कारण थांबलेल्या गाडीभोवतीची हवाच तापते. पण निघाल्यावर तो झपाट्याने उतरतो. एसी लावून चढावर तिसऱ्यातून चौथा टाकता येतो, एवढा फरक मला जाणवला. त्यातलं श्रेय गार हवेचं किती आणि नव्या फिल्टरचं किती, हे वेगळं करता येत नाही, आणि तसा दावा मी करणार नाही.

मायलेजबद्दल तर स्पष्टच सांगायला हवं. पेट्रोल इंजिनात नेहमीच्या चालवण्यात थ्रॉटल अर्धवट बंदच असतो, म्हणजे आपणच हवा अडवून धरलेली असते. तिथे हवा गार केली की संगणक तेवढं पेट्रोल वाढवतो आणि आपण तेवढा पाय सैल करतो. बचत होत नाही. कार्बुरेटरच्या जमान्यात तर थंडीसाठी मुद्दाम एक्झॉस्टजवळची गरम हवा घेण्याची सोय असे, पेट्रोलची नीट वाफ व्हावी म्हणून. गार हवेचा खरा उपयोग पूर्ण जोर लागतो तिथे आणि भर उन्हात इंजिनाचं ठोकणं टाळण्यात.

कायद्याचंही भान ठेवावं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलांत फरक पडेल अशा बदलांना मनाई करतं. फिल्टरच्या बाहेरची नळी त्यात येत नाही, पण इंजिन किंवा एक्झॉस्टशी छेडछाड करण्याआधी विचार करा. गाडी वॉरंटीत असेल तर यातल्या कशालाच हात लावू नका.

तेव्हा घरी गेल्यावर बॉनेट उघडा आणि आधी फिल्टर पाहा. मातीने भरला असेल तर बदला. मग डब्याच्या पुढची नळी शोधा. ती जागेवर आणि शाबूत असेल तर कंपनीने गार हवेची सोय आधीच केलेली आहे, तिथे पैसे घालू नका. नळी गायब असेल आणि मूळ सुटा भाग मिळत असेल तर तोच आणा. तो मिळत नसेल तरच पाइप, वाळू आणि ट्यूबचा तुकडा घेऊन चांगल्या मिस्त्रीकडे जा, आणि त्याला हवा आधी कोरडी, मग स्वच्छ आणि त्यानंतर गार, या क्रमाने मागा.